आळीपाळीची खुर्ची

माझ्या भागीदाराने भागीदारी सोडायची इच्छा कळवली तेव्हा मी ती तत्काळ मान्य केली आणि पोहे खायला बसलो. मी ती वाचली नव्हती, एवढंच.

शनिवारची यादी मोबाईलवर आली होती. खाली ‘सर्व मान्य’ असं हिरवं बटण होतं आणि बायको सांगत होती की पोहे गार होतायत. यादीत सात बाबी होत्या. सहावी ती. हे मला चार दिवसांनी कळलं. आता घरात लग्न असो की बारसं, कुणीतरी म्हणतंच, ‘ते पोह्यांचं सांगा.’ मी सांगतो. हातवारे करून सांगतो, लोक पोट धरून हसतात, आणि हसू ओसरायच्या आत मी पाणी प्यायला उठतो, कारण त्याच्या मागचं आणि पुढचं मला कुणी विचारू नये असं वाटतं. ते इथं लिहितो.

नगरच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दोन लेथ, वेल्डिंगवाले, ग्राइंडर, आणि पुढं एक काचेची केबिन. आम्ही कडबा कुट्टीची मशीनं बनवतो. जनावरांचा चारा एका तोंडातून आत घालायचा, आत चाकावर बसवलेली पाती फिरतात, दुसरीकडून बारीक कुट्टी बाहेर पडते. ज्याच्या दारात दोन गाई आहेत त्याला ते लागतं. आपल्या जिल्ह्यात दोन गाई नाहीत असं दार शोधावं लागतं, त्यामुळे धंदा बरा चालला.

भागीदार आणि मी आयटीआयमध्ये एका बाकावर. मी नेवाशाकडचा, शेतकऱ्याघरचा. घरी दोन भाऊ शेती पाहायला पुरेसे होते, म्हणून मला लोखंडाकडं पिटाळलं. तो नगरातच जन्मलेला. घर बौद्ध, वडील मालधक्क्यावर हमाल, आणि पोराच्या अक्षरावर वडिलांचा असा पहारा की त्याचं अक्षर छापल्यासारखं झालं. माझं अक्षर डॉक्टरांसारखं, फक्त पदवी नाही. बोलणंही त्याचं स्वच्छ. मी ‘हाय’, ‘न्हाई’ करत बोलायचो आणि तो आमची पत्रं लिहिताना माझी वाक्यं माणसात आणायचा.

तेव्हा केबिन नव्हती. शेडच्या दाराशी एक टेबल आणि एक लाकडी खुर्ची. खुर्ची एकच, कारण दुसरी घ्यायची ठरली त्या महिन्यात आम्ही ड्रिल मशीन घेतलं. अक्षर त्याचं चांगलं म्हणून खुर्चीवर तो बसायचा आणि मी आत.

पहिल्याच हंगामात एक मोठे विक्रेते जीप घेऊन आले. भागीदारानं उठून त्यांना खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला, चहा मागवला. त्यांनी नाव विचारलं, त्यानं सांगितलं. आडनाव विचारलं, तेही सांगितलं. मग त्या गृहस्थांनी शेडच्या आत मान वळवली आणि विचारलं, “मालक कुठायत?”

मी लेथपाशी, कपाळापासून कोपरापर्यंत तेलानं माखलेला. भागीदारानं माझ्याकडं बोट दाखवलं. ते गृहस्थ चकचकीत बुटांनी लोखंडाचा कीस तुडवत माझ्यापर्यंत आले आणि ऑर्डर मला दिली. चहा नको म्हणाले.

असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळेनंतर त्यानंच विषय काढला. म्हणाला, तू पुढं बस, मी आत जातो, मशीन विकली गेली पाहिजे. हे त्यानं असं सांगितलं जसं बेअरिंग बदलायचं आहे. मला काय झालं कुणास ठाऊक. वय पंचविशीचं, डोकं गरम, आणि नुकतं दुपारचं जेवण झालेलं. मी म्हणालो, “एक वर्ष तू बसायचं, एक वर्ष मी. दसऱ्याला बदलायचं. ज्याला मशीन पायजे तो येईल. न्हाईतर बसंल विळ्यानं चारा तोडीत.”

आयुष्यात माझ्या तोंडून निघालेलं हे एकच वाक्य मला बरं वाटतं. म्हणून ते मी फार ठिकाणी सांगितलं. व्याह्यांना सांगितलं, बँकेच्या साहेबांना सांगितलं, एकदा एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलं. सांगून सांगून ते इतकं गुळगुळीत झालं की ते पाळायचंही असतं हे माझ्या लक्षात राहिलं नाही.

तर दसरा. दसऱ्याला आमच्याकडं यंत्रांची पूजा. सकाळी मी झेंडूच्या माळा घेऊन लेथला, ग्राइंडरला, वेल्डिंगच्या मशीनला घालत फिरायचो. त्याचा त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन. तो पांढरेशुभ्र कपडे घालून घरच्यांबरोबर विहारात जायचा आणि अकराच्या सुमारास तसाच कारखान्यात यायचा. माझी पूजा होईपर्यंत दारात हात बांधून उभा राहायचा. नारळ फुटला की पहिला तुकडा तोच उचलायचा. नारळाशी माझं काही भांडण नाही, असं दरवर्षी म्हणायचा, आणि दरवर्षी मी हसायचो. मग आम्ही किल्ल्या बदलायचो. पुढच्या टेबलाचा एक जुडगा, आतल्या स्टोअरचा एक. त्याचा माझ्या हातात, माझा त्याच्या हातात, वर आपट्याचं पान. हा विधी ना माझ्या घरचा होता ना त्याच्या. आमच्या दोघांचा होता. त्याच दुपारपासून जो बाहेर होता तो आत आणि जो आत होता तो बाहेर.

पहिली दोन-तीन वर्षं त्याच्या पाळीला लोक बिचकले. काहींनी तर ऑर्डर द्यायला पुढच्या दसऱ्याची, म्हणजे माझ्या बसण्याची, वाट पाहिली. तसे थोडे शेवटपर्यंत राहिले. पण बाकीचे यायला लागले. मशीन चांगलं होतं, आणि ते चांगलं का झालं याचं कारणही ही अदलाबदलच.

एक उदाहरण सांगतो. त्याच्या पाळीच्या वर्षी अकोले तालुक्यातून, डोंगरातल्या एका वाडीवरून, नवरा-बायको मशीन पाहायला आले. नवरा मोटारीचं विचारत होता. बाई काही बोलत नव्हती. तिनं फक्त चाऱ्याची पेंढी उचलून मशीनच्या तोंडाशी धरून पाहिली. पेंढी धरताना तिच्या टाचा उचलल्या गेल्या. एवढंच. माझ्यासारख्यानं मोटारीची माहिती देऊन दोघांना वाटेला लावलं असतं. त्यानं खुर्चीवरून ते पाहिलं, आणि दसऱ्यानंतर आत गेल्या गेल्या मशीनचे पाय चार इंचांनी कापले. मी ओरडलो, कंबरेत वाकून पुरुषांनी चारा घालायचा का म्हणून. तो म्हणाला, “पुरुष चारा घालतो हे तू कुठं पाहिलंस?” पुढं अकोल्यात, संगमनेरात आमचं ते बुटकं मशीनच जास्त गेलं. तक्रार ऐकणारा माणूस पुढल्या वर्षी हातात ग्राइंडर घेऊन तिच्यावर इलाज करायला बसायचा, असं ते चालायचं. कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

आता एजंट.

वसाहतीच्या सभागृहात छोट्या कारखानदारांसाठी अर्ध्या दिवसाचं शिबिर होतं, जेवणासह. मी जेवणासाठी गेलो होतो हे घरात सर्वांना माहीत आहे. तिथं एका सुटाबुटातल्या गृहस्थांनी सांगितलं की, धंदे यंत्रं बंद पडून बुडत नाहीत, भागीदारांचं जमत नाही म्हणून बुडतात, आणि आता त्यावर एआय एजंट आले आहेत. ते तुमचे निरोप वाचतात, तक्रारी लावून ठेवतात, विक्रेत्यांना पत्रं लिहितात, दोन भागीदारांत काय ठरलं त्याची नोंद ठेवतात, कुणी काय करावं ते सुचवतात. मी श्रीखंड दुसऱ्यांदा घेतलं आणि नाव नोंदवून आलो.

घरी सांगितलं की एजंट ठेवलाय. बायकोनं विचारलं, “विम्याचा का आरटीओचा?”

भागीदारानं त्याचं नाव ‘पाहुणे’ ठेवलं. सकाळी आला की विचारायचा, काय म्हणतात पाहुणे? पाहुणे कामाला वाघ होते, हे खोटं बोलून कसं चालेल. विक्रेत्यांना वेळेवर पत्रं जायला लागली. कुठल्या गावातून कोणत्या भागाची तक्रार येते ते एका नजरेत दिसायला लागलं. मग मला हाव सुटली. म्हटलं, याला आपली सगळी वर्षं देऊ. जुन्या वह्या, ऑर्डरी, तक्रारींची पुस्तकं. पंधरा दिवस दुपारी जेवण झालं की भागीदार एकेक पान सरळ करून त्याचे फोटो काढत बसायचा. त्याच्या पाळीच्या वर्षांचं अक्षर पाहुण्यांना घडाघड वाचता आलं. माझ्या वर्षांसाठी अत्यंत नम्र शब्दांत विचारणा आली की हा मजकूर मराठीतच आहे ना. त्या दिवशी तो इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसायला लागला.

पुढं जे झालं त्याचा सगळा माल त्यानंच असा स्वतःच्या हातानं पुरवला होता, हे मला राहून राहून आठवतं.

दसरा तीन आठवड्यांवर होता. त्या दसऱ्याला आत जायची पाळी माझी होती. आता हे लिहिणं जड जातंय, म्हणून पटकन लिहितो. माझे गुडघे कुरकुरत होते, हे एक. केबिनला नुकताच एसी बसवला होता, हे दोन. लाकडी खुर्ची जाऊन फिरती खुर्ची आली होती आणि मला तिच्यात गोल फिरून विक्रेत्यांशी फोनवर बोलायला आवडायला लागलं होतं, हे तीन. पन्नाशीत माणसाला लोकांनी शेठ म्हणावंसं वाटायला लागतं. लेथपाशी कुणी शेठ म्हणत नाही.

तर मी एजंटला विचारलं की आमच्या भागीदारीत कामाची वाटणी कशी असावी. त्यानं चार पानी अहवाल दिला. दर दसऱ्यानंतर दीड-दोन महिने चुका वाढतात, कारण दोघंही नव्या जागी रुळत असतात. दर एक वर्षाआड नवे विक्रेते कमी जोडले जातात. ज्या वर्षी मी पुढं असतो त्या वर्षी ते जास्त जोडले जातात. म्हणून ग्राहक आणि विक्रेते कायमचे माझ्याकडं, आणि उत्पादन कायमचं भागीदाराकडं असावं.

पण हा अहवाल पक्का करण्याआधी त्यानं मला एक प्रश्न विचारला होता. मला तो शब्दन् शब्द पाठ आहे. “या वार्षिक अदलाबदलीमागे उत्पादन किंवा विक्री यांखेरीज काही कारण आहे का? असल्यास सांगावे, शिफारस त्यानुसार बदलू शकते.”

मी केबिनमध्ये बसलो होतो. काचेतून भागीदार दिसत होता, नव्या पात्यांची धार अंगठ्यानं तपासत होता. एक वर्षाआड विक्रेते का कमी होतात हे मला त्या यंत्रापेक्षा चांगलं माहीत होतं. ती जीप, ते बूट, तो न घेतलेला चहा. सगळं एका ओळीत लिहिता आलं असतं.

मी लिहिलं, “विशेष कारण नाही. जुनी सवय आहे.”

अहवाल छापून मी त्याला दिला आणि वर शहाण्यासारखं म्हणालो, मी न्हाई म्हणत, ते म्हणतंय. त्यानं उभ्या उभ्या चारही पानं वाचली. तो कुठलाही कागद शेवटपर्यंत वाचतो, खालच्या बारीक टिपांसकट, ही आयटीआयपासूनची खोड. वाचून घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाला, “ठीक आहे, शेठ.”

तो मला कधी शेठ म्हणत नसे. चेष्टेत म्हणायचा तो सूर मला माहीत होता. हा तो नव्हता. मी मात्र तो चेष्टेचाच आहे असं ठरवून टाकलं, आणि खुर्चीत एक गिरकी घेतली.

त्या दसऱ्याला नारळ फुटला, तो पांढऱ्या कपड्यांत दारात उभा राहिला, खोबऱ्याचा तुकडाही उचलला. नारळाशी भांडण नाही, हे म्हणाला नाही. किल्ल्या ज्याच्या त्याच्याकडं राहिल्या.

पुढची दोन वर्षं कारखाना सुरेख चालला. हेही प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. चुका कमी झाल्या, विक्रेते वाढले, पाहुण्यांचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. फक्त आमचं बोलणं आटलं. तक्रारी माझ्याकडं यायच्या, एजंट त्यांचं सार काढायचा, लाल-पिवळे-हिरवे ठिपके लावून ते शनिवारी आत जायचं. तो ते भिंतीवर चिकटवायचा आणि एकेक काम उरकायचा. टाचा उचलणारी बाई त्या यादीत कुठल्या रंगात बसली असती, सांगता येत नाही. तिनं तक्रार केलीच नव्हती.

मग दोघांचीही मतं नीट नोंदली जावीत म्हणून मी त्याच्या मोबाईलवरही एक एजंट बसवून दिला. यातून जे झालं ते घरात सांगितलं की अजून हसतात. तो फोनला तोंडी सांगायचा, “पत्रा पातळ आलाय, परत पाठव.” माझ्याकडं यायचं, “आपल्या निदर्शनास आणून देऊ इच्छितो की, प्राप्त झालेल्या पत्र्याची जाडी अपेक्षेपेक्षा कमी आढळते. आपण योग्य तो निर्णय घ्यालच.” मी म्हणायचो, “बरं, बघतो.” त्याच्याकडं जायचं, “आपल्या सूचनेबद्दल मनःपूर्वक आभार.” मध्ये वीस फूट आणि एक काच. पूर्वी पातळ पत्रा आला की तो आतून माझ्या खानदानाचा उद्धार करायचा आणि मी बाहेरून त्याच्या. बायको एकदा डबा द्यायला आली होती. तिनं काचेच्या दोन्ही बाजूंना मोबाईलमध्ये खुपसलेली दोन टकलं पाहिली आणि संध्याकाळी एवढंच विचारलं, “तुमचं दोघांचं काही झालंय का?” मी म्हणालो, छे, उलट आता वादच होत न्हाईत. ती म्हणाली, तेच विचारतीय.

आणि मग तो शनिवार, ती यादी, ते पोहे.

बुधवारी सकाळी मी केबिनमध्ये बसून चहा पीत होतो. एजंटचा निरोप आला, ‘भागीदाराच्या निवृत्तीसंबंधी पुढील पावले’ म्हणून. पुढं नीट आखलेला कार्यक्रम. कोणती कागदपत्रं, कोणत्या विक्रेत्यांना कधी कळवायचं, आतलं काम कुणाकडं सोपवायचं. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी चुकून माझ्याकडं आलं. मग मागची यादी उघडली. बाब सहावी. “भागीदार येत्या दसऱ्याआधी भागीदारीतून निवृत्त होऊ इच्छितात. सुपे येथे पात्यांचे छोटे युनिट सुरू करण्याचा विचार. प्राधान्य: मध्यम.” मध्यम, कारण दसऱ्याला पाच महिने होते. पाचवी बाब दारावरच्या बोर्डाच्या रंगाची होती, आणि तिचं प्राधान्यही मध्यमच होतं. खाली माझी नोंद: मान्य.

मी आत गेलो. दोन वर्षांत लेथपर्यंत चालत गेलो नव्हतो. पायाखाली कीस करकरला तेव्हा ते लक्षात आलं. तो पाती मोजून पेटीत भरत होता. मी म्हणालो, हे काय आहे. तो म्हणाला, काय? मी मोबाईल पुढं केला.

“तू मान्य केलंस की,” तो म्हणाला.

“मी वाचलंच न्हवतं.”

त्यानं पेटीचं झाकण लावलं. “मी तीन दिवस वाट पाहिली. म्हटलं, येईल ओरडत. शिव्या घालील. निदान का म्हणून विचारील.” मग म्हणाला, “वाचलंच नव्हतं होय.”

त्याच्या आवाजात रागही नव्हता. मला वाटलं, राग असता तर बरं झालं असतं. रागाला काय उत्तर द्यायचं हे मला चोवीस वर्षांच्या सरावानं येत होतं. मी घाईघाईनं बोलायला लागलो. म्हणालो, चूक झाली, मी ते रद्द करतो, एका बटणाचं काम हाय. म्हणालो, आतलं काम तुला जड जात असंल तर माणसं वाढवू. म्हणालो, सुप्याला कशाला जातोस. शेवटी म्हणालो, “ह्या दसऱ्यापासून तू बस पुढं. कायमचा बस. मी जातो आत.”

तो हसला. खरंच हसला, जुन्यासारखं. वरच्या खिशातून त्यानं घडी घातलेला कागद काढला. चार पानी अहवाल. दोन वर्षांत घड्यांवर फाटायला आला होता. शेवटच्या पानाच्या तळाला, बारीक अक्षरांत, शिफारस कशाच्या आधारावर केली ते लिहिलं होतं. मी तिथपर्यंत कधी वाचलं नव्हतं. त्यानं त्यावर बोट ठेवलं. “भागीदाराने दिलेल्या माहितीनुसार अदलाबदलीमागे विशेष कारण नाही, ती जुनी सवय आहे.”

“हे तू लिहिलंस ना?” त्यानं विचारलं. “का पाहुण्यांनी मनानं घातलं?”

आजवर मी त्या यंत्रावर पुष्कळ गोष्टी ढकलल्या आहेत. त्या वेळी ढकलता आलं नाही. म्हणालो, मी लिहिलं.

“मी त्याच दिवशी वाचलं होतं,” तो म्हणाला. “मला वाटलं, तू विसरलास. मग वाटलं, विसरला नसशील. दोन्ही वाईटच.” कागदाची परत घडी घालत तो म्हणाला, “आणि खुर्चीचं म्हणशील, तर पूर्वी ती माझ्या वर्षी मला यायची. मला कुणाला विचारावं लागायचं नाही. आता तू दिलीस म्हणून येईल. त्यासाठी कशाला राहायचं?”

वेल्डिंगवाल्यांनी काम थांबवलं होतं आणि आम्ही बोलतच नाही आहोत असं दाखवत होते. त्यानं मग उगाच विषय बदलून गुडघ्यांचं विचारलं. मी बरे आहेत म्हणालो. खोटं होतं.

पाच महिने आम्ही शेजारी शेजारी काम केलं आणि सगळं सुरळीत पार पडलं. दोन्ही एजंटांनी इतकं व्यवस्थित वेगळं केलं आम्हाला की वकिलालाही काही करायचं उरलं नाही, त्यानं दोन ठिकाणी सह्या घेतल्या आणि चहा पिऊन गेला. आमच्या वसाहतीत दोन भाऊ वेगळे झाले तेव्हा एकानं दुसऱ्यावर पाना फेकून मारला होता. तेव्हा मी त्यांना नावं ठेवली होती. आता त्या पान्याचाही मला हेवा वाटतो.

मध्ये एकदा मी एजंटला खरं काय ते सांगितलं. एक दुपार घालवून, एका बोटानं टाइप करत, जीपपासून सगळं. वाचून त्यानं लिहिलं की ही माहिती महत्त्वाची आहे, ती आधी असती तर कायमच्या वाटणीची शिफारस केली नसती; आणि भागीदाराला पत्र लिहायचं असल्यास मसुदा करून देऊ का. मी हो म्हणालो. मसुदा उत्तम होता. वाचून मलाच भरून आलं. मग लक्षात आलं की त्याला ते पत्र मिळालं तर पहिल्याच ओळीत कळेल, ही भाषा आपल्या गड्याची नाही. मी स्वतः कागद घेऊन बसलो. माझ्या अक्षरात चार ओळी झाल्या. त्या त्याच्या डब्याच्या पिशवीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं एवढंच विचारलं की हा मजकूर मराठीतच आहे ना. आम्ही दोघंही हसलो. पण तो गेला. दसऱ्याच्या आठ दिवस आधी स्टोअरच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवून, टेम्पोत आपली पेटी घालून गेला.

दसऱ्याला मी झेंडूच्या माळा घातल्या. नारळ फोडला. दारात कुणी हात बांधून उभं नव्हतं, त्यामुळं मंत्र लवकर संपले. दोन्ही जुडगे माझ्याच हातात होते, आणि ते कुणाकडे द्यायचे हे माहीत नसल्यासारखा मी थोडा वेळ उभा राहिलो. आपट्याचं पान खिशातच राहिलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी आत गेलो. दोन वर्षं उशिरानं, पण माझी पाळी होतीच. त्याचा एप्रन खुंटीवर राहिला होता, तो पोटावर मिटेना, तसाच पाठीमागून दोरी बांधून घेतला. दुपारपर्यंत हात काळे झाले, कपाळाला तेल लागलं, गुडघ्यांनी आपलं म्हणणं मांडायला सुरुवात केली. पुढं केबिनमध्ये एसी चालू होता आणि फिरती खुर्ची रिकामी.

तीनच्या सुमारास एक शेतकरी आला. धोतर, टोपी, हातात आमच्याच मशीनचं एक झिजलेलं पातं. काचेतून रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं, मग कीस तुडवत माझ्यापर्यंत आला. माझ्या एप्रनकडं, हातांकडं बघून त्यानं पातं पुढं धरलं.

“हे बघून द्यायचं हुतं,” तो म्हणाला. “मालक कुठायत?”

मी ते पातं हातात घेतलं. धार भागीदाराच्या हातची होती, ती लगेच ओळखू येते.

“सुप्याला गेलेत,” मी म्हणालो.

“कधी येत्याल?”

मी पातं फडक्यानं पुसत राहिलो. मग त्याला बसायला खुर्ची आणून दिली, चहा सांगितला, आणि सुप्याला कसं जायचं ते पातं गुंडाळलेल्या कागदावर, जमेल तितक्या स्वच्छ अक्षरात, लिहून दिलं.